आमच्या वतीने पाठिंबा जाहीर करू नका: केनियातील भारतीय समाजसंस्थांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

केनियातील भारतीय वंशाच्या समाजसंस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

10 ऑगस्ट 2027 रोजी केनियात सार्वत्रिक निवडणूक आहे. त्या निवडणुकीबाबत आपल्यापैकी काही संस्थांनी घेतलेले निर्णय आधी कानावर आले, मग परिपत्रकातून वाचायला मिळाले. समाजाचे शिष्टमंडळ योग्य वेळी योग्य नेत्यांना भेटून समाजाचा पाठिंबा कळवणार. सभागृहात मतदार नोंदणीचे शिबिर घेऊ द्या, ही आपल्याच मुलांची विनंती ‘संस्थेत राजकारण नको’ म्हणून फेटाळली गेली. आणि ज्या कुटुंबांना जमेल त्यांनी मतदानाच्या सुमारास देशाबाहेर राहावे, असा सल्लाही दिला गेला. कोणत्या संस्थेने काय ठरवले हे मी इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. दर पाच वर्षांनी कमीअधिक फरकाने हेच होत आले आहे आणि आम्ही सभासद माना डोलावत आलो आहोत. या वेळी मला ते मान्य नाही, आणि ते बंद दाराआड सांगून भागणार नाही म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन नाकुरूला आले. सासरे ईस्ट आफ्रिकन रेल्वेत कारकून होते. आमचे हार्डवेअरचे दुकान होते आणि त्याचे हिशेब माझ्याकडे असत. 2010 ची राज्यघटना झाल्यावर मी केनियाचे नागरिकत्व घेतले, भारताचा पासपोर्ट परत केला. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत रांगेत उभी राहून मत दिले आहे. ते मत कोणाला द्यायचे हे मी कोणत्याही संस्थेला विचारले नव्हते, आणि कोणत्याही संस्थेने ते माझ्या वतीने कोणाला देऊ करावे असे मी कधी सांगितलेले नाही.

‘समाजाचा पाठिंबा’ ही साधी, सौजन्याची गोष्ट आहे असे तुम्ही म्हणाल. या देशात ती तशी नाही. इथल्या राजकारणाचा सगळा आजार त्याच दोन शब्दांत आहे, आणि तो आला कुठून हे आपल्या वडीलधाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. इंग्रजांनी इथे माणसे जमातीच्या हद्दीत वाटून ठेवली. आफ्रिकी पुरुषाच्या गळ्यात किपांडे, म्हणजे डबीतला ओळखपरवाना, अडकवला, आणि हद्द ओलांडायची तर तो दाखवावा लागे. माऊ माऊ उठावामुळे 1952 मध्ये लागू झालेल्या आणीबाणीच्या काळात देशव्यापी आफ्रिकी पक्षांवर बंदी आली. 1955 मध्ये परवानगी मिळाली ती फक्त जिल्ह्यापुरत्या संघटनांना, आणि जिल्हा म्हणजे जवळजवळ एक जमात. 1960 मध्ये कानू आणि काडू हे पक्ष उभे राहिले ते याच गाठोड्यांना एकत्र बांधून. देशभरची माणसे एका मुद्द्यावर एकत्र यायला शिकण्याआधीच प्रत्येक जमातीला आपापला म्होरक्या मिळाला होता. आपणही याच व्यवस्थेत वाढलो. भारतीयांच्या वेगळ्या मतदारयाद्या, वेगळ्या राखीव जागा, शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे. गोऱ्यांच्या खाली आणि आफ्रिकींच्या वर अशी आपली पायरी ठरलेली होती.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था मोडायला हवी होती. ती नव्या मालकांच्या कामी आली. गोऱ्यांच्या शेतजमिनी ब्रिटनच्या कर्जाने विकत घेतल्या गेल्या आणि रिफ्ट व्हॅलीत बाहेरून आलेली, मुख्यतः किकुयू जमातीची कुटुंबे वसली. ज्या कालेंजिन आणि मासाई लोकांच्या त्या जमिनी इंग्रजांच्या आधी होत्या, त्यांच्या मनात ते सलत राहिले. आणि सरकारी ओळखीतल्या बड्या मंडळींनी मोठाले तुकडे गिळले ते वेगळेच. 1969 च्या जुलैत लुओ समाजातले मंत्री टॉम म्बोया यांचा नैरोबीत भर रस्त्यात खून झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किसुमूत राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांच्या कार्यक्रमात पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, आणि लुओंचे मोठे नेते ओगिंगा ओडिंगा यांच्या विरोधी पक्षावर बंदी आली. लुओ लोकांची ‘हे सरकार आपले नाही’ ही भावना तेव्हापासूनची आहे. 2019 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या 4 कोटी 76 लाख होती आणि त्यात चाळीसहून अधिक समाज आहेत. आजवर पाच राष्ट्राध्यक्ष झाले, आणि ते पाचही फक्त दोन समाजांतले, किकुयू आणि कालेंजिन. ओगिंगांचे पुत्र राइला ओडिंगा राष्ट्राध्यक्षपदासाठी पाच वेळा लढले, पाचही वेळा हरले, आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये केरळमध्ये उपचार घेत असताना वारले. ते चांगले होते की वाईट हा वेगळा वाद आहे. पण लाखो माणसांना आयुष्यभर वाटत राहिले की आपले मत मोजलेच जात नाही. अशा माणसांना जिंकणाऱ्या सरकारने आदेश द्यायचे ते कोणत्या अधिकाराने? केनियाच्या सत्तेला मान्यता नाही म्हणतात ती याच अर्थाने.

2007 मध्ये काय झाले ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको, पण हे पत्र महाराष्ट्रातही वाचले जाईल म्हणून सांगते. 27 डिसेंबरला मतदान झाले. 30 तारखेला निवडणूक आयोगाने राइला ओडिंगांविरुद्ध तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष, किकुयू समाजाचे म्वाई किबाकी विजयी झाल्याचे जाहीर केले आणि संध्याकाळी, अंधार पडता पडता, स्टेट हाउस या राष्ट्राध्यक्षांच्या निवासाच्या हिरवळीवर घाईघाईने शपथविधी उरकला. मग रिफ्ट व्हॅली पेटली. 1 जानेवारीला एल्डोरेटजवळ कियांबाच्या चर्चमध्ये आसरा घेतलेल्या किकुयू बायकामुलांना आत जाळले. महिनाअखेरीस त्याचा सूड नाकुरू आणि नैवाशात लुओ आणि कालेंजिन कुटुंबांवर उगवला गेला. दोन महिन्यांत 1,100 हून अधिक माणसे मारली गेली, काही लाख घरे सोडून पळाली. पुढे क्रीग्लर आयोगाने तपास केला आणि सांगितले की मतमोजणीत इतका गोंधळ होता की खरे कोण जिंकले हे आता कळणे शक्य नाही. एवढी माणसे ज्या निकालावरून मेली, तो निकाल कोणालाच सांगता येत नाही.

त्या जानेवारीत आम्ही नाकुरूत होतो. आमचे स्टोअरकीपर लुओ होते, ड्रायव्हर किकुयू. स्टोअरकीपरना नैरोबीला त्यांच्या भावाकडे पोचवायचे होते. त्यांना गाडीच्या मागच्या भागात आडवे केले, वर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या टाकल्या, आणि मी पुढे बसले, कारण बाई, तीही भारतीय, असेल तर गाडी सोडतात असे सगळे म्हणत होते. गिलगिलच्या पुढे रस्त्यावर दगड रचून पोरे उभी होती. ड्रायव्हरकडे ओळखपत्र मागितले, आडनाव वाचले, त्याला किकुयूत दोन वाक्ये बोलायला लावली. मग एकाने काचेतून माझ्याकडे पाहिले, ‘मुहिंदी’, म्हणजे भारतीय, म्हणाला, आणि हात हलवून जायला सांगितले. मागच्या गोण्यांकडे कोणी पाहिले नाही. आम्ही पोचलो. पण त्या दिवशी मला सोडले ते मी निर्दोष होते म्हणून नव्हे. त्यांच्या हिशेबात मी मोजायच्या माणसांतच नव्हते, आणि ‘आपण कोणाच्या अध्यातमध्यात नसतो’ हे आपल्याकडचे वाक्य मी तेव्हापासून उच्चारलेले नाही. आपण अध्यातमध्यात असतो. आपली दुकाने, आपले भाडेकरू, आपल्याकडे पगारावर असलेली माणसे त्या दगडांच्या अलीकडे-पलीकडे उभी असतात.

त्यानंतर या देशाने स्वतःला सावरायचा मनापासून प्रयत्न केला, आणि हे श्रेय इथल्या सामान्य माणसाचे आहे. 2010 च्या राज्यघटनेने 47 काउंटी केल्या, पैसा आणि अधिकार नैरोबीबाहेर नेले. राष्ट्राध्यक्ष व्हायचे तर निम्म्याहून अधिक मते हवीतच, शिवाय किमान 24 काउंटींत 25 टक्के मते हवीत, म्हणजे एकदोन जमातींच्या जोरावर कोणी बसू नये. सरकारी कार्यालयात एकाच समाजाची माणसे एक तृतीयांशाहून जास्त नसावीत असा कायदा आहे. 1 सप्टेंबर 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने खुद्द राष्ट्राध्यक्षांची निवडणूक रद्द केली. आफ्रिकेत असे पूर्वी झाले नव्हते. पण त्याच निवडणुकीच्या तोंडावर निवडणूक आयोगाचे संगणक सांभाळणारे ख्रिस म्सांडो यांचा छळ करून खून झाला, आणि ऑक्टोबरच्या फेरमतदानावर विरोधकांनी बहिष्कार टाकल्यावर चाळीस टक्के लोकही मतदानाला आले नाहीत. 2022 मध्ये पहिल्या दोन उमेदवारांतला फरक दोन टक्क्यांहून कमी होता, आणि सातपैकी चार आयुक्तांनी निकालाची जबाबदारी घ्यायला नकार दिला. तरी देश पेटला नाही. त्याचे मोठे कारण म्हणजे प्रत्येक मतदान केंद्राचा 34ए फॉर्म, म्हणजे तिथल्या मतमोजणीच्या निकालाचा कागद, आयोगाने सगळ्यांना दिसेल असा संकेतस्थळावर ठेवला होता.

तो फॉर्म मी जवळून पाहिला आहे. 2022 मध्ये मत दिल्यावर रात्री पुन्हा आमच्या केंद्रावर गेले. प्राथमिक शाळेचा वर्ग, मुलांच्या बुटक्या बाकांवर पक्षांचे एजंट बसलेले. केंद्राध्यक्ष बाई प्रत्येक मतपत्रिका उघडून सगळ्यांना दिसेल अशी वर धरत, नाव वाचत, मग त्या त्या गठ्ठ्यावर ठेवत. एका शिक्क्यावरून वाद झाला, पुन्हा सगळे मोजले. पहाटेच्या सुमारास एजंटांनी सह्या केल्या आणि फॉर्मची प्रत वर्गाच्या दारावर चिकटवली. राजकीय मान्यता म्हणजे काय हे मला कोणी विचारले तर मी ते दार दाखवीन. तिथे भारतीय चेहरा एकही नव्हता. ज्या भागात आपली एवढी घरे, त्या भागातल्या केंद्रावर आपले एकही माणूस ना एजंट म्हणून, ना निरीक्षक म्हणून. आपली बरीच मंडळी तेव्हा दुबईत, लंडनला किंवा भारतात होती.

आता माझ्या तक्रारी स्पष्ट सांगते.

पहिली आणि सगळ्यात मोठी: तुम्ही पाठिंबा देता तो कोणाचा? सभासदांचे मत घेतले जात नाही, कोणत्या धोरणासाठी हे सांगितले जात नाही. शिष्टमंडळ जाते, शाली घातल्या जातात, फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते की आशियाई समाज (इथे भारतीय उपखंडातून आलेल्यांना असेच म्हणतात) अमक्यांच्या मागे आहे. म्हणजे आपणही तेच करतो जे इथले जमातींचे म्होरके करतात, आणि ज्यापायी देश इतक्यांदा रक्तबंबाळ झाला: माणसांचा गठ्ठा बांधून तो सत्तेपुढे ठेवायचा आणि बदल्यात वाटा मागायचा. माजी उपराष्ट्राध्यक्ष रिगाथी गचाग्वा सरकार ही कंपनी आहे आणि ज्यांचे शेअर जास्त त्यांना आधी मिळणार, असे बोलले. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांना पदावरून काढले तेव्हा समाजांत फूट पाडणारी वक्तव्ये हाही एक आरोप होता. त्यांच्यावर आपल्या बैठकांत तोंडसुख घेणारे पुष्कळ होते. पण मग आपले शिष्टमंडळ स्टेट हाउसवर जाते ते कशासाठी? शेअरच मागायला ना?

जुलै 2017 मध्ये सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची 44 वी जमात म्हणून मान्यता दिली तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले गेले. मतदान अवघ्या काही आठवड्यांवर होते, एवढे तरी आपल्या लक्षात यायला हवे होते. आपण या देशाचे आहोत हे कोणी उघडपणे म्हणाले याचा आनंद मलाही झाला. पण नागरिक म्हणून आपण आधीच या देशाचे होतो. जमात म्हणून आत घेतले गेल्यावर जमातीसारखे वागायचे ठरवले, ही आपली चूक.

दुसरी तक्रार पैशाची. निवडणूक खर्चाला मर्यादा घालणारा कायदा 2013 मध्ये झाला, पण त्या मर्यादा एकाही निवडणुकीत प्रत्यक्ष लागू होऊ दिल्या गेल्या नाहीत. उमेदवारांच्या हेलिकॉप्टरचे, टी-शर्टचे, सभेत वाटल्या जाणाऱ्या नोटांचे पैसे येतात कुठून, हे व्यापारी समाजाने विचारायचे की भरायचे? दोन्ही बाजूंना थोडे थोडे देऊन ठेवावे, कोणीही आले तरी आपले काम अडू नये, हे शहाणपण आपण पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. त्या पैशाने कोणत्या सभांत कोणत्या जमातीविरुद्ध काय बोलले गेले, याची चौकशी आपण कधी केली नाही.

तिसरी तक्रार आपल्या घरातली. पहारेकरी अमक्या जमातीचा, गल्ल्यावर तमक्या जमातीचा माणूस नको, हे ‘अनुभवाचे बोल’ आपल्या दुकानांत, कारखान्यांत सर्रास ऐकू येतात. भरती करताना आडनाव पाहिले जाते. नाक्यावर उभ्या त्या पोरांनीही तेच पाहिले होते.

तुमची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. केनियाचे नागरिकत्व नसलेल्यांच्या धंद्यावर आणि राहण्यावर बंधने घालणारे 1967 चे परवाना आणि इमिग्रेशनचे कायदे आल्यावर किती कुटुंबे ब्रिटनला धावली, 1972 मध्ये शेजारच्या युगांडातून इदी अमीनने आपल्या लोकांना कसे हाकलले, 1 ऑगस्ट 1982 च्या फसलेल्या उठावात नैरोबीत आपली दुकाने कशी लुटली गेली आणि आपल्या बायकांवर काय गुदरले, हे ज्यांनी भोगले त्यांच्या घरात मी राहिले आहे. केनियाचे नागरिक असलेले आपण 2019 च्या जनगणनेत 50 हजारांहून कमी होतो, आपण डोळ्यांत भरणारे आहोत आणि पैसेवाले समजले जातो. भीती साहजिक आहे. पण सत्तेच्या सावलीत उभे राहिल्याने ती कमी झाली का? सत्ताधाऱ्यांच्या जवळचे म्हणून ओळख झाली की त्यांच्यावरचा राग आपल्या शटरवर निघतो.

आणि आपला इतिहास निव्वळ भीतीचा नाही. पिओ गामा पिंटो यांचे नाव आपल्या किती मुलांना माहीत आहे? गोमंतकीय कुटुंबात 1927 मध्ये नैरोबीत जन्मले, भारतात शिकले, गोवा मुक्तीच्या चळवळीत उतरले, आणि पोर्तुगीजांची अटक चुकवून 1949 मध्ये इथे परतले. इंग्रजांनी त्यांना मांडा बेटावर वर्षानुवर्षे डांबले. स्वातंत्र्यानंतर खासदार झाले आणि भूमिहीनांच्या जमिनीसाठी आपल्याच सरकारशी भांडले. 24 फेब्रुवारी 1965 ला घराच्या फाटकाशीच, गाडीत त्यांची लहान मुलगी असताना, त्यांना गोळ्या घातल्या. स्वतंत्र केनियातला हा पहिला राजकीय खून. गोमंतकीय वडील आणि मासाई आई असलेले जोसेफ मुरुंबी पुढच्याच वर्षी देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि काही महिन्यांत पद सोडून बाजूला झाले. या माणसांनी समाजाच्या वतीने काही मागितले नाही. आपल्या स्मरणिकांत मात्र दानशूरांच्या फोटोंची पाने भरतात आणि पिंटोंना अर्धे पानही मिळत नाही.

जून 2024 मध्ये कर वाढवणाऱ्या वित्त विधेयकाविरुद्ध तरुण पोरे रस्त्यावर आली तेव्हा ‘आम्हाला जमात नाही’ असे ती ओरडून सांगत होती. संसदेबाहेर गोळ्या चालल्या, पोरे मेली, आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयक मागे घेतले. त्या गर्दीत आपलीही मुले होती. सभागृह मागायला आली ती हीच. साठ वर्षांत या देशात पहिल्यांदाच एका पिढीला आडनावाबाहेर राजकारण करायचे आहे, आणि त्यांना आपण दारातून परत पाठवले.

म्हणून मी, एक सभासद आणि एक मतदार, पुढील मागण्या करते:

1. कोणत्याही संस्थेने समाजाच्या नावाने कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा जाहीर करू नये. पदाधिकाऱ्याला वैयक्तिक पाठिंबा द्यायचा असेल तर पद आणि लेटरहेड बाजूला ठेवून द्यावा. तसा ठराव सर्वसाधारण सभेत व्हावा.

2. सप्टेंबर 2025 पासून मतदार नोंदणी पुन्हा सुरू झाली आहे. आपली सभागृहे नोंदणीसाठी, आणि फक्त आपल्या लोकांसाठी नव्हे तर परिसरातल्या सगळ्यांसाठी, खुली करावीत. उमेदवारांना बोलवायचे तर सगळ्यांना बोलवावे आणि प्रश्न सर्वांसमोर विचारावेत.

3. संस्थेच्या निधीतून किंवा संस्थेच्या नावाने गोळा केलेल्या रकमेतून कोणत्याही पक्षाला दिलेला पैसा मागच्या दोन निवडणुकांपासूनच्या हिशेबात दाखवावा, आणि यापुढे देऊ नये.

4. मुलांना केंद्रांवर निरीक्षक म्हणून तयार करावे. देशाबाहेर राहण्याचा सल्ला मागे घ्यावा. ज्याला जायचे तो जाईल, पण ते संस्थेचे धोरण नसावे.

5. 2023 च्या जानेवारीपासून 2025 च्या जुलैपर्यंत या देशाच्या निवडणूक आयोगात एकही आयुक्त नव्हता आणि त्याबद्दल आपल्या कोणत्याही व्यासपीठावरून जाहीर शब्द निघालेला मी ऐकला नाही. नव्या आयोगाला आपण उघड पत्र लिहावे: सर्व्हरची स्वतंत्र तपासणी मतदानाआधी व्हावी, आणि 34ए फॉर्म 2022 सारखेच सगळ्यांना पाहता यावेत.

6. सभासदांच्या व्यवसायांत भरती करताना जमात विचारली जाणार नाही, असा लेखी नियम संस्थांनी करावा.

या पत्राचे स्वाहिली आणि गुजराती रूपही मी करून घेते आहे, म्हणजे ज्यांना मराठी येत नाही तेही वाचतील. उत्तर कृपया लेखी द्यावे आणि येत्या सर्वसाधारण सभेच्या कार्यपत्रिकेवर हा विषय घ्यावा. वेळ मिळणार नसेल तर तेही आधी कळवावे, मी सभेत उभी राहून बोलेन.

आपली,
नैरोबीतील एक मतदार आणि सभासद